बंड्या आणि कापडी हत्ती

हा बंड्या कुत्रा. जात गावठी, मुक्काम नाशिकमधला एक तिसरा मजला. तोंडात आहे तो कापडी हत्ती, आजच आणलेला.

आवाज ऐका. हत्तीच्या पोटात प्लास्टिकची शिट्टी आहे, दाताने दाबली की चिरकते. बंड्या कान टवकारतो, हत्तीला मानेकडे धरतो आणि गदागदा झटकतो. लहान जनावर हाती लागलं की त्याचा जीव घ्यायला रानातला लांडगाही असाच झटका देतो. आता पंजे बघा. दोन्ही पंज्यांखाली हत्ती दाबलाय आणि पुढच्या बारीक दातांनी शिवण उसवणं चाललंय, एका टोकापासून, शिंप्याच्या सबुरीने. मग कापूस. गालिचाभर कापूस. शेवटी शिट्टी बाहेर पडते, चिरकणं थांबतं आणि बंड्या उठून पाणी प्यायला जातो. हत्तीकडे वळूनही बघत नाही.

"दोनशे रुपये गेले की रे मेल्या!" आजी कापूस गोळा करता करता म्हणतात. त्यांचं रास्तच आहे. पण बंड्याच्या लेखी काम फत्ते झालं.

शोधायचं, दबा धरायचा, पाठलाग, पकड, मग मारणं आणि फाडणं, अशी ही शिकारीची साखळी. माणसाने पैदास करताना तिच्यातल्या कड्या सोयीने कमीजास्त केल्या. मेंढ्या राखणारा बॉर्डर कोली जातीचा कुत्रा मेंढ्यांवर नजर रोखतो, मागे धावतो, पण लचका तोडत नाही. लॅब्राडॉर शिकाऱ्याने पाडलेलं बदक अलगद तोंडात धरून आणतो. पाहुण्यांपुढे चप्पल घेऊन हजर होणारा तोच. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. बंड्याला एकच येतं, बॉल. तोही लाल असला तर हिरवळीवर नाकानेच शोधावा लागतो, कारण कुत्र्यांना निळा-पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यात मात्र फारसा फरक कळत नाही.

रबरी हाडाची तऱ्हा वेगळी. ते तो फोडत नाही. कुंई कुंई करत घरभर मिरवतो, सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवतो आणि नाकाने वर माती लोटतो. माती नाहीच, पण नाक चालूच. पुरून झालं की मान वर करून बघतो. कुणी पाहिलंय असं वाटलं, की हाड उचलून दुसरी जागा.

फुटलेल्या खेळण्यातली शिट्टी तेवढी लगेच उचला. गिळली आणि आतड्यात अडकली, तर गाठ ऑपरेशनशी. उरलेली खेळणी थोडे दिवस कपाटात ठेवून पुन्हा काढा. सवयीच्या खेळण्याला कुत्री लवकर विटतात, पण रंग किंवा वास बदललेलं दिसलं की पुन्हा रमतात.

परवा आजींनीच जुन्या टॉवेलला गाठी मारून बाहुला करून दिला. शिट्टी नाही, कापूस नाही, खर्च नाही. पहिली गाठ सुटायला दहा मिनिटंही लागली नाहीत.