गस्त, खडू आणि गोदाघाट

(नाशिकचा गोदाघाट, संध्याकाळ. पायऱ्यांवर टेकवलेला फळा, शेजारी सर.)

फळ्यावरची ही १५ घरं म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतले १५ बीट, म्हणजे पोलिसांच्या गस्तीचे भाग. १९७२ साली पोलिसांनीच त्यांचे तीन गट पाडले. पाचांत गस्त नेहमीची. पाचांत दुप्पट-तिप्पट. उरलेल्या पाचांत गस्तच नाही, फोन आला तरच गाडी. वर्षभर मोजमाप चाललं. गुन्हे तिन्हीकडे जवळपास सारखेच. लोकांना तर गस्त वाढल्याचा किंवा थांबल्याचा पत्ताच नव्हता!

(मागच्या पायरीवर निवृत्त हवालदार.)

"मग आम्ही रात्र-रात्र जागलो ते कशाला, सर?"

सर समाजशास्त्र शिकवतात. विद्यापीठाच्या लॉगिनवर मिळणारे इंग्रजी शोधनिबंध ते मराठीत लिहून काढतात आणि आधी दोघी भाजीवाल्या मावशींना वाचून दाखवतात. मावशी "म्हणजे काय हो?" म्हणाल्या, की ते पान पुन्हा लिहायचं. २०२५ पासून शोधनिबंध वाचायला देणारी सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे खरी, पण ते सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांपुरतं. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, पेपर चाळायला येणाऱ्या माणसाने काय करायचं?

(खडूने काढलेला नकाशा : पंचवटी कारंजा, निमाणी, दिंडोरी नाका.)

हवालदारांना उत्तर अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमधून मिळतं. तिथल्या १९८९ च्या अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे फोन अवघ्या ३ टक्के पत्त्यांवरून आलेले होते. म्हणजे गस्त किती, यापेक्षा ती कुठे, हे बघायचं. मावशी खडू मागून घेतात. एक ठिपका, दुसरा, मग दोघींचा वाद. "हा अभ्यास नव्हे, ही आपली आठवण," सर बजावतात.

(त्र्यंबक रस्ता, महाराष्ट्र पोलीस अकादमीचं प्रवेशद्वार.)

राज्याचे फौजदार घडतात ते याच शहरात. राजस्थानात १६२ ठाण्यांवर प्रयोग झाला, त्यात प्रशिक्षणाचा उपयोग दिसला, बदल्या थांबवण्याचाही. संशोधकांची माणसं तक्रारदार बनून ठाण्यात जात आणि तक्रार घेतात का ते बघत. साप्ताहिक सुटीचा उपाय मात्र नीट राबवलाच गेला नाही. हवालदार इथे मोठ्याने हसतात.

पोलीस आणि रहिवाशांच्या पुढच्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत दोघी मावशींनी गस्तीच्या जागा विचारल्या. "बघतो" असं उत्तर आलं.

(सरांची वही.)

मध्य प्रदेशात १८० ठाण्यांवर महिला हेल्प डेस्कचा अभ्यास झालाय. त्याची सहा पानं मराठीत झालीत, मावशींना अजून वाचून दाखवायची आहेत.