साठीनंतरचं अकॉर्डियन: वजन, पट्टे आणि बेसची बटणं

मंडळी, नमस्कार. साठी ओलांडलेल्या अकॉर्डियनवादकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: वाजवता येतं, पण आता उचलवत नाही. म्हणून आज गाणी बाजूला ठेवू आणि वजनापासून सुरुवात करू.

आपल्याकडे अकॉर्डियन म्हणजे १२० बेसचंच, म्हणजे डाव्या हाताला १२० बटणं असलेलंच, अशी एक समजूत आहे. हिंदी चित्रपटसंगीतात गुडी सिरवई, केरसी लॉर्ड, आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचं वादन ऐकून कान तयार झालेली ही पिढी आहे, त्यामुळे डोळ्यांसमोर मोठंच वाद्य येतं. रेकॉर्डिंगला कुठली पट्टी (स्केल) आणि कुठला कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) मागितला जाईल याचा नेम नसतो, तिथे मोठं वाद्य हाताशी असलेलं बरं. घरी तासभर वाजवणाऱ्याला, भजनी मंडळात साथ करणाऱ्याला ते लागतंच असं नाही.

आकडे बघा. उजव्या हाताच्या ४१ पट्ट्या (की) आणि १२० बेस असलेलं वाद्य साधारण १० ते १२ किलो भरतं. ३७ पट्ट्या, ९६ बेस घेतलं तर साडेआठ ते साडेनऊ. ३४ पट्ट्या, ७२ बेस म्हणजे सात ते आठ, आणि २६ पट्ट्या, ४८ बेस म्हणजे पाच ते सहा. कंपनीप्रमाणे किलोभर इकडेतिकडे होतं. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग कुणाला तरी वाद्य हातात द्यायला सांगा आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. पेटाऱ्याचं वजन वेगळं धरा, कारण रिक्षातून उतरताना तोही तुमच्याच हातात असतो.

हे वजन येतं कुठून? बरंचसं रीडमधून, म्हणजे हवेने वाजणाऱ्या धातूच्या पात्यांतून. प्रत्येक स्वराला भाता उघडताना वाजणारं एक पातं आणि मिटताना वाजणारं दुसरं. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर खर्ज (खालचा), नर (मधला), दुसरा नर आणि मादी (वरचा) असे चार संच असतील, तर ४१ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ३२८ पाती फक्त उजव्या हाताची. प्रत्येक जोडीला धातूची प्लेट, ती मेणाने बसवलेला लाकडी ठोकळा, वर संच बदलणाऱ्या बटणांची, म्हणजे रजिस्टरांची, यंत्रणा. म्हणून वजन कमी करायचं तर नुसती बेसची बटणं मोजू नका, संच विचारा. ७२ बेस चार संचांचं आणि ७२ बेस दोन संचांचं यांत दीड-दोन किलोंचा फरक पडू शकतो. एकट्याने वाजवायला खर्ज आणि नर हे दोन संच पुरतात, असं माझं मत आहे. आवाज कमी पडला तर माईक लावता येतो.

उजव्या हाताला किती सप्तकं लागतात? ३४ पट्ट्यांचं वाद्य पांढरी पाचपासून (पांढरी एक म्हणजे C, काळी एक म्हणजे C#, अशी मोजणी) वरच्या पांढरी तीनपर्यंत जातं, पावणेतीन सप्तकं. गाण्याला एवढं भरपूर झालं. २६ पट्ट्यांत दोन सप्तकं आणि वर एक स्वर मिळतो. भजन, भावगीत बसतं, पण मधल्या म्युझिकला वरचं सप्तक हवं असेल तर हात कडेला जाऊन अडतो.

खरा विचार डाव्या हाताचा करायचा. बेसची बटणं पंचमाच्या क्रमाने लावलेली असतात. तुमचा सा जिथे, त्याच्या लगेच वरचं, हनुवटीच्या बाजूचं बटण म्हणजे प, आणि लगेच खालचं म्हणजे म. पांढरी एकच्या बटणावर खळगा किंवा खडा असतो, बोटाने चाचपून तो सापडतो. ७२ बेसमध्ये अशी १२ घरं आणि प्रत्येक घरात ६ बटणं असतात, दोन सुट्या स्वरांची आणि चार कॉर्डची. १२ घरं म्हणजे बाराही सुरांच्या पट्ट्या (स्केल). ९६ मध्ये १६ घरं, १२० मध्ये २०, पण ही जास्तीची घरं म्हणजे त्याच स्वरांची दोन्ही टोकांना केलेली पुनरावृत्ती. हाताला लांब उडी मारावी लागू नये, एवढाच तिचा उपयोग. ६० बेसमध्येही १२ घरं असतात, फक्त डिमिनिश्ड कॉर्डची रांग नसते. ती रांग तुम्ही किती वेळा दाबता ते आठवून बघा.

४८ बेसमध्ये मात्र जपून. त्यात बहुतेक वेळा ८ घरं असतात: काळी दोन, काळी पाच, पांढरी चार, पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. राहिलं काय? काळी एक, काळी तीन, काळी चार आणि पांढरी सात. काळी एकमध्ये गाणारे पुरुष आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बायका आपल्याकडे किती आहेत हे वेगळं सांगायला नको. दुकानात पांढरी एकमध्ये वाजवून बघितलं, छान वाटलं, घरी आणल्यावर कॉर्डच सापडत नाही, असं होतं ते यामुळे.

यावर अर्धा इलाज आहे. भात्याला लागून जी पहिली रांग असते, तिला काउंटर बेस म्हणतात. तिच्यात प्रत्येक घराचा शुद्ध गंधार असतो. पांढरी सहाच्या घरातलं ते बटण म्हणजे काळी एक, आणि त्याच्या वरच्या, पांढरी तीनच्या घरातलं म्हणजे काळी चार. म्हणजे काळी एकचा सा आणि प शेजारी शेजारी मिळाले. कॉर्ड मिळणार नाही, पण आपल्या गाण्याला नुसता सा-प धरला तरी चालतं, किंबहुना रागावर आधारलेल्या चालीला तेच बरं दिसतं. काळी तीन आणि पांढरी सात यांचंही असंच जमतं. काळी चारचं जमत नाही. तिचा सा एका टोकाच्या काउंटर रांगेत आणि प, म्हणजे काळी दोन, दुसऱ्या टोकाच्या मुख्य रांगेत. शिवाय काउंटरची रांग तळहातापासून सर्वांत लांब असते. बोटांचे सांधे धरले असतील तर तिथे बोट ताणून सतत ठेवणं त्रासाचं होतं. तेव्हा काळी चारवाल्यांनी ४८ च्या वाटेला जाऊ नये, ६० किंवा ७२ घ्यावं. काही ४८ बेसमध्ये १२ घरं आणि चारच रांगा असतात, तसं मिळालं तर उत्तम. घेताना घरं मोजा.

पट्ट्यांची रुंदीही बघा. पूर्ण मापाच्या वाद्यात पांढरी पट्टी सुमारे २ सेंटिमीटर असते, सात पट्ट्यांचं सप्तक साधारण १४ सेंटिमीटरचं. अरुंद पट्ट्यांचं 'लेडीज साइज' वाद्य येतं, त्यात सप्तक दीडेक सेंटिमीटरने आखूड होतं. सांधेदुखीवाल्यांना ताण कमी पडतो, पण बोटं जाड असतील तर दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये बोट अडकतं. हे हात घालूनच कळतं.

आता भाता. हलकं वाद्य जर गळकं असेल तर ते जड वाद्यापेक्षा जास्त दमवतं, कारण निम्मी हवा सुरात न जाता फटीतून जाते आणि डावा खांदा ती भरत बसतो. जुनं वाद्य घेताना भात्याचे वरचे-खालचे पट्टे सोडा, उजवी बाजू वर धरून डावी बाजू खाली लोंबू द्या, एकही पट्टी दाबू नका. खाली गादी ठेवा. भाता सावकाश, रेंगाळत उघडायला हवा. दोन-तीन सेकंदांत धाडकन खाली आला तर पट्ट्यांखालचं फेल्ट-चामडं कडक झालंय, भात्याच्या कोपऱ्यांची पट्टी सुटलीय किंवा भात्याच्या चौकटीखालचा गॅस्केट दबलाय. तिन्ही दुरुस्त होतात, पण कारागीर जवळ आहे का ते आधी बघा आणि किंमत ठरवताना तो खर्च धरा.

बसण्याविषयी. भारतीय बैठकीत मांडी घालून अकॉर्डियन वाजवू नका. मांडी घातली की डावा गुडघा भात्याच्या वाटेत येतो, आणि सगळं वजन कमरेवर. भजनाला बाकीचे खाली बसले तरी तुम्ही खुर्ची मागा, हात नसलेली, बैठक कडक असलेली. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली. उजव्या हाताच्या पट्ट्यांची खालची कड उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकवा आणि भाता डाव्या मांडीवर. अर्धंअधिक वजन मांडीने घेतलं पाहिजे. खांद्याचे पट्टे वाद्य टांगायला नसतात, ते जागेवर धरायला असतात. साडी नेसणाऱ्यांनी पदर उजवीकडून पुढे घेऊन खोचावा आणि डाव्या मांडीवर जाड कापडाची घडी ठेवावी, नाहीतर निऱ्या भात्यात चिमटतात.

खांद्याच्या पट्ट्यांबाबत सर्वांत जास्त हयगय होते. दोन्ही सारख्या लांबीचे ठेवतात, मग वाद्य उजवीकडे सरकतं आणि उजवं मनगट काटकोनात वाकतं. डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड करा. उजव्या हाताने वाजवायच्या पट्ट्यांची ओळ साधारण हनुवटीखाली आली आणि उजवं कोपर अंगापासून थोडं सुटलं, तर माप बरोबर. खांद्याच्या पट्ट्याची रुंदी निदान सहा-सात सेंटिमीटर हवी, आतून गादी हवी. पाठीवर दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आडवा पट्टा जरूर लावा. तो खांद्याच्या पात्यांच्या खालच्या अंगाला बसतो आणि पट्टे खांद्यावरून घसरू देत नाही. घसरतात म्हणूनच आपण नकळत खांदे वर उचलून धरतो आणि मग मान धरते. डाव्या हाताच्या पट्ट्याला वरती एक चाक असतं. ते इतकंच आवळा की हात वर-खाली सरकेल, पण भाता उघडताना मनगट आणि पट्टा यांत फट पडणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या पट्ट्याच्या आत मऊ कापड शिवून घ्या, मनगटावर काळंनिळं पडतं.

जमिनीवरून वाद्य कधीही उचलू नका. पेटारा टेबलावर उघडा, टेबलाकडे तोंड करून बसा आणि वाद्य मांडीवर घ्या, किंवा दुसऱ्याने मांडीवर द्यावं. आधी उजवा पट्टा, मग डावा, काढताना उलट. भात्याचे पट्टे शेवटी सोडायचे आणि काढताना आधी लावायचे.

वाजवताना भाता दीड वितीहून जास्त उघडू नका. डावी बाजू जितकी लांब जाते तितकी ती खांद्याला ओढते, आणि परत ढकलायला दुप्पट जोर लागतो. वरून पंख्यासारखा उघडा, खालची कड मांडीपाशीच राहू द्या. ओळ संपली की दिशा बदला. सराव करताना एकच नराचा संच लावा, हवा कमी लागते. वीस मिनिटं वाजवा, वाद्य उतरवा, पाच मिनिटं फिरा. बोटांना मुंग्या येणं, हात बधिर होणं, मानेतून दंडात कळ जाणं, हे सरावाने जाणारं दुखणं नव्हे, डॉक्टरांना दाखवा. हर्निया, हाडांचा ठिसूळपणा, बायपास, मोतीबिंदूचं ताजं ऑपरेशन असेल तर किती किलो आणि कधीपासून, हा प्रश्न आकड्यातच विचारा. पेसमेकर असेल तर पट्टा नेमका त्याच्यावर येतो का ते बघून जागा बदला.

डिजिटल अकॉर्डियनबद्दल थोडक्यात. रोलँड कंपनीचं लहान मॉडेल २६ पट्ट्यांचं असूनही त्यात ७२ बेस आहेत, आणि बटण दाबून पट्टी बदलता येते. वर सांगितलेला काळी चारचा घोळ तिथे उरत नाही, हेडफोन लावून रात्रीही वाजवता येतं. बॅटरी, अडॅप्टर आणि दुरुस्तीची सोय या त्याच्या अडचणी.

घरी १२० पडून असेल तर विकायची घाई करू नका, पण कपाटात आडवं टाकूनही ठेवू नका. आपण गळ्यात घालतो तसं उभं ठेवा, म्हणजे रीडवरच्या चामड्याच्या पट्ट्या लोंबत नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा सगळ्या पट्ट्या दोन्ही दिशांनी वाजवा, नाहीतर पोलादी पात्यांना गंज चढतो. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलं तर मेण मऊ होऊन रीड ठोकळ्यावरून सुटतात, आणि ते काम महिना खातं.