ओंडके फोडणारं यंत्र, पोलाद दाबणारी प्रेस

[दृश्य: आडव्या गर्डरवर ओंडका. पाचर टेकते, कड्‌कन आवाज, दोन फाळके.]

ओंडका फुटला तो क्षण नीट बघा. पाचर चार बोटं आत गेली आणि पुढची भेग आपसूक पळाली. यंत्राला खरा जोर लावावा लागला तो क्षणभरच. आता या यंत्राची आपण लोहारकामाची प्रेस करणार आहोत. याच सिलिंडरसमोर, म्हणजे तेलाच्या दाबानं दांडा पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यासमोर, तापलेलं पोलाद येणार आहे, आणि पोलाद असं मधेच फुटून मोकळं होत नाही. दबेल तसं ते अंगानं पसरतं, पसरेल तसं डायला, म्हणजे दाबणाऱ्या पोलादी ठोकळ्याला, जास्त भिडतं आणि शेवटच्या मिलिमीटरला सगळ्यात जास्त जोर मागतं.

तेवढा जोर या यंत्रात आहे का? यंत्राच्या लेबलवरचा टनांचा आकडा बाजूला ठेवून स्वतःच हिशेब करू. सिलिंडरचं आतलं माप १०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब १७५ बार. दांड्याच्या टोकाला साधारण १४ टन मिळतात. सिलिंडर १२५ मिलिमीटरचा असेल तर जवळजवळ २२. घणाचा घाव जाड तुकड्याच्या वरच्या थरांतच बराचसा जिरतो. प्रेसचा दाब गाभ्यापर्यंत पोचतो. एकट्यानं भट्टी चालवणाऱ्या लोहाराला हे यंत्र खुणावतं ते यामुळेच. जोर तयारच आहे. घडवायचं आहे ते बाकीचं.

पहिला प्रश्न वेगाचा. भट्टीतून निघालेला तुकडा पिवळसर असतो, बघता बघता नारिंगी होतो, मग लाल. त्यात थंड डाय टेकली की ती उष्णता शोषून घेते. म्हणून दाब झटपट द्यायचा आणि लगेच सुटायचं. ओंडक्याच्या यंत्रात बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो. मोकळं पुढे सरकताना तो, समजा, मिनिटाला ४१ लिटर तेल ढकलतो. अडथळा आला की दाब वाढवतो आणि ११ लिटरवर येतो. आपल्या १०० मिलिमीटरच्या सिलिंडरला हे लावून बघा. जवळ जाताना सेकंदाला पावणेनऊ सेंटिमीटर, दाबताना सव्वादोन. एवढ्यावर काम होतं.

पण इथे एक चूक हमखास होते. बंद जागेत पेट्रोल इंजिन चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणं, म्हणून इंजिन काढून विजेची मोटर बसवतात. ते बरोबरच आहे. पंप मात्र मिनिटाला ३,६०० फेऱ्यांसाठी बनलेला असतो. त्याला १,४४० फेऱ्यांची मोटर थेट जोडली की दाबण्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्याही खाली येतो. टनांतला जोर तेवढाच, पण तुकडा डायमध्येच काळा पडतो. ५ अश्वशक्तीची, २,९०० फेऱ्यांच्या आसपासची मोटर घ्यावी.

[दृश्य: लिव्हरवर हात, जवळून.]

ही लिव्हर मागे ओढली की तिथेच अडकते आणि दांडा पार मागे जाऊन थांबतो. ओंडक्यासाठी ही सोय आहे. लोहाराला तुकडा फिरवण्यापुरती फट पुरते. म्हणून सोडताच आपोआप मधे येऊन दांडा जागीच थांबवणारा व्हॉल्व्ह बसवायचा आणि तो पायानं चालवायचा, कारण दोन्ही हात सांडशीत गुंतलेले असतात.

आणि चौकट. मूळ यंत्रात जोराची रेषा गर्डरच्या वरून जाते, त्यामुळे प्रत्येक दाबाला गर्डर वाकू बघतो. लाकडाला ते चालून जातं. पोलादाला नाही, त्यात तुकडा मधोमध नसेल तर डाय तिरकी होते आणि दांड्यावर आडवा ताण येतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसती पाचर कापून सपाट डाय वेल्ड करणं हा अर्धवट बदल आहे. सिलिंडर उभा करावा, दोन्ही बाजूंना जाड खांब द्यावेत म्हणजे ओढ सरळ विभागली जाते, आणि डायला घट्ट मार्गिका द्यावी.

तेलाबद्दल काही केल्या हलगर्जी नको. होजला, म्हणजे तेलाच्या लवचीक नळीला, सुईएवढं भोक पडलं तरी तेलाचा फवारा उडतो, आणि समोर हजार अंशांच्या वरचं पोलाद आहे. भडका उडतो. होज मागच्या बाजूनं न्या, मधे पत्र्याचा आडोसा द्या. गळती हातानं चाचपू नका, तो फवारा कातडीत घुसतो. आणि रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, आवळून जास्त टन काढायच्या फंदात पडू नका.

[दृश्य: भट्टी. सांडशी. तुकडा डायमध्ये.]

डायच्या दोन्ही बाजूंना वीस मिलिमीटरचे ठोकळे ठेवलेत. डाय त्यांच्याखाली जाणार नाही. पाय दाबला. पंपाचा सूर जड झाला. तुकड्याच्या कडांवरून काळे खवले तडतडत सुटले, आतला पिवळा रंग उघडा पडला आणि डाय ठोकळ्यांवर टेकली. पेडल उलट्या बाजूला दाबलं, बोटभर फट पडताच पाय सुटला. तुकडा काटकोनात फिरवून पुन्हा दाब. तिसऱ्या दाबाला रंग उतरलाय. आता परत भट्टीत, दुसऱ्या तावासाठी.