कर्ज मावशीचं, फोन भाच्याचा

नमस्कार श्रोतेहो.

आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुक आणि दोन पासपोर्ट साइज फोटो. तुमच्या घरात हे सगळं कुठं ठेवलेलं असतं ते मी इथे बसून सांगते. लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाहेरच्या चोराला ती पिशवी शोधावी लागते. घरातल्या माणसाला शोधावी लागत नाही. आज बोलायचंय ते घरातल्याच माणसानं आपल्या नावावर परस्पर काढलेल्या कर्जाबद्दल.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे असे प्रकार कानावर बरेच आले. पण त्यातला एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इचलकरंजीकडच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नाव नको, आपण बाई म्हणू. यजमान गेलेले, मुलगी लग्न होऊन लांब. बहिणीचा मुलगा शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहिला आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. पोरगा गुणी. सिलिंडर लावून देणार, लाइटबिल भरणार, पेन्शनचा मेसेज वाचून दाखवणार. मोबाइल बाईंचा, पण दिवसभर भाच्याच्या हातात.

घराचे पत्रे गंजले होते. पावसाळ्याआधी बदलायचे म्हणून बाई बँकेत कर्ज मागायला गेल्या. पत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, चांगली कौलं उतरवून पत्रे घालायचं जे खूळ आपल्याकडे आलं ना, ते मला कधीच पटलं नाही. उन्हाळ्यात घराची भट्टी, आणि पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. असो.

साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब आहे. दोन कर्जं दिसतायत, एकाचे हप्ते थकलेत." बाई म्हणाल्या, "अहो, मी भाजीवाल्याचे दोन रुपये कधी उधार ठेवले नाहीत." साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. हप्त्यावर घेतलेला एक मोबाइल आणि ॲपवरून काढलेलं सत्तर हजारांचं कर्ज. नाव बाईंचं, पॅन नंबर बाईंचा, पत्ताही बाईंचाच.

दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. या पडल्या शिक्षिका. त्यांनी कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, "माझ्या नावे कर्ज दिलेत तर माझे कागद मला दाखवा." कागद आले. त्यात आधार, पॅन आणि कॅमेऱ्यासमोर काढलेला फोटो. फोटोत बाईच! घरातल्या साडीत, अंगणात बसलेल्या, आणि मागं बाजेवर पापड वाळत घातलेले.

बाईंना काही उलगडेना. फोटो आपला, पण काढला कधी? शेजारच्या काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "तुला हा हयातीच्या दाखल्याला बसवलं होतं तेव्हाचा का गं?" बाई म्हणाल्या, "हो हो, तेव्हाचाच. कॅमेऱ्याकडं बघ, डोळे मिचकाव, म्हणाला होता." काकू म्हणाल्या, "अगं, पण हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो. नोव्हेंबरात पापड कोण घालतं?"

झालं. मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढता येतो, आणि त्यात डोळे मिचकावायला लागतात. भाच्यानं नोव्हेंबरात तो खरोखरच काढून दिला होता. मग उन्हाळ्यात पुन्हा एकदा बसवलं, "परत मागितलाय" म्हणून. बाईंनी पुन्हा डोळे मिचकावले, आणि मोबाइलवर ओटीपी आला तोही स्वतःच वाचून दाखवला.

रात्री घरात बैठक बसली. भाचा खाली मान घालून. बहीण रडतेय. "ताई, हप्ते मी भरते, पण पोलिसात जाऊ नकोस. पोराची नोकरी जाईल." मेहुण्यांचं म्हणणं, घरातलं घरात मिटवू. बाई म्हणाल्या, "मिटवू की. पण मी घेतलं नाही ते मी घेतलं नाही, एवढं आधी कागदावर येऊ दे."

पोलीस ठाण्यातही पहिल्यांदा हेच ऐकायला मिळालं, नात्यातलं आहे, मिटवून घ्या. बाई बाकावरून उठल्या नाहीत. दोन पानी अर्ज, सुवाच्य अक्षर, खाली तारीख आणि सोबतच्या कागदांची यादी. हवालदार म्हणाला, "बाई, असा अर्ज आमच्याकडं कुणी देत नाही." बाई म्हणाल्या, "मग घ्या, आणि पोच द्या." त्या पोचेवर पुढचं सगळं हललं. कंपनीनं चौकशी केली, भाच्यानं कबूल केलं, दोन्ही नोंदी बाईंच्या नावावरून निघाल्या. बहीण त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आली नाही. पुढच्या वर्षी आली.

आता या गोष्टीतलं तुमच्या कामाचं. आपलं नसलेलं कर्ज दिसलं, की आधी लेखी कळवा. हप्ता भरू नका. पुन्हा सांगते, आधी लेखी, हप्ता नाही. लाजेखातर दोन हप्ते भरलेत, की कर्ज तुम्ही मान्य केलंत असाच अर्थ समोरचा काढणार. आणि नात्यामुळे कायद्यात सूट नाही. दुसऱ्याची ओळख, पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भाचा असो नाहीतर पोटचा मुलगा.

फसवणुकीनं खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सरकारी मदत नंबरला लगेच फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. नंबर लिहून घ्या, १९३०.

आपल्या नावावर काय काय आहे ते बघायला पैसे पडत नाहीत. देशात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली एक. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँक किंवा कर्ज कंपनी तीस दिवसांत दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याचीही फी नाही.

तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. आधारचे बोटांचे ठसे, डोळे आणि चेहरा आधारच्या सरकारी ॲपवरून लॉक करता येतात. मात्र लॉक केलं तरी ओटीपी चालतोच. म्हणून आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते आधी बघा. पुष्कळ बायकांच्या आधारला मुलाचा नाहीतर जावयाचा नंबर असतो. माझं तर स्पष्ट मत आहे, घरात दोन साड्या कमी घ्या, पण प्रत्येक बाईचा फोन तिचा स्वतःचा हवा, आणि त्याचं कुलूप उघडायचा नंबर तिलाच माहीत हवा. "मला नाही बाई त्यातलं कळत" हे कौतुकानं सांगायचं बंद करा. पंचवीस माणसांचा स्वयंपाक अंदाजानं करता, सहा आकडी ओटीपी वाचून कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, एवढं जमेलच.

तक्रारीचं पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. दोन प्रती करा. एक द्या, आणि दुसरीवर तारखेसकट सही-शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

नमस्कार.