मोंढ्यातली आवक आणि ब्राउझरचा टक्का

मागं आवाज येतोय का? येतोय ना, बरं.

सरांनी मला विषय दिला होता 'आजचे ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम'. मी म्हणलं सर, ते ह्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी आपला कोणता ब्राउझर, कोणती सिस्टिम किती लोक वापरतात ते मोजतात कसं ह्याच्यावर बोलतो, कारण त्या मोजण्याच्या नादात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. ते सांगतो पुढं.

आधी मला सांगा, लातूरच्या मोंढ्यात आज सोयाबीनची आवक किती झाली हे पेपरात येतं की नाही? येतं. मग त्याच्यावरून जिल्ह्यात सोयाबीन किती पिकलं हे सांगता येईल का? बघा, इथं निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत, लगेच मान हलवली. का नाही सांगता येणार, तर भालकी-बिदरकडचा माल पण इथंच येतो, इथला काही माल परस्पर प्लांटला जातो, आणि भाव पडला की लोक घरात थप्पी लावून गप्प बसतेत. एकच माणूस महिन्यात तीनदा टेम्पो घेऊन आला तर आवक तीनदा लागते, शेतकरी एकच.

तर 'जगात अमक्या ब्राउझरचा वाटा इतके टक्के' अशी जी बातमी तुम्ही वाचता ना, ती मोंढ्यातली आवक आहे. आपण ती पेरा म्हणून वाचतो.

ह्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा मोंढा म्हणजे स्टॅटकाउंटर. आयर्लंडची कंपनी. त्यांचा मोजणीचा कोड पंधरा लाखांच्या वर साइट्सवर बसवलेला आहे आणि महिन्याला साधारण ५०० कोटी पेज व्ह्यू ते मोजतात. आकडा मोठाय, पण तो पानांचा आहे, माणसांचा नाही. तुम्ही दिवसभरात शंभर पानं उघडली आणि तुमच्या आजोबांनी एक उघडलं तर तुम्ही शंभर, आजोबा एक. आणि ज्या साइटवर तो कोडच नाही तिथं तुम्ही रात्रभर बसा, त्यांच्या लेखी तुम्ही झोपलेलेच. व्हॉट्सॲपमधल्या गप्पा तर कुठंच धरल्या जात नाहीत. त्यात ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं साधन, लावणारी मंडळी हा कोड चालूच देत नाहीत. म्हणजे जो जास्त हुशारीनं, प्रायव्हसी सांभाळून ब्राउझर वापरतो तोच मोजणीतून गळतो, फायरफॉक्सवाल्यांची ही जुनी तक्रार आहे आणि मला ती खोटी वाटत नाही.

दुसरी एक होती, नेटमार्केटशेअर. त्यांचं उलटं. ते पानं नाही, युनिक व्हिजिटर, म्हणजे वेगवेगळी माणसं मोजायचे, आणि वर देशाप्रमाणं वजन लावायचे, म्हणजे चीनमधले त्यांच्याकडं कमी दिसले तर तिथली इंटरनेटवरची लोकसंख्या बघून तेवढं वाढवून धरायचं. स्टॅटकाउंटर असलं वजन लावत नाही. त्यामुळं एकाच महिन्यात दोघांचे आकडे कुठल्या कुठं असायचे आणि लोक भांडायचे की खोटं कोण बोलतंय. कोणीच नाही हो, एकानं टेम्पो मोजले, एकानं शेतकरी. २०२० च्या ऑक्टोबरनंतर नेटमार्केटशेअरनं दुकानच बंद केलं.

आता युनिक व्हिजिटर म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका, कारण माझं गंजगोलाईजवळ नेट कॅफे होतं. आठ मशीन, सगळ्यांवर विंडोज एक्सपी (लायसन्सचं विचारू नका), आणि व्हायरसचा ताप नको म्हणून सगळ्यांवर डीपफ्रीझ टाकलेलं. डीपफ्रीझ म्हणजे मशीन रिस्टार्ट केलं की सगळं पहिल्यासारखं, कुकीज बिकीज साफ. कुकी म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली खूणचिठ्ठी, तिच्यावरूनच मोजणारा हा जुना की नवा ते ओळखतो. आणि लाइट तर दिवसातून चारदा जायची. म्हणजे प्रत्येक लाइट गेल्यावर माझं तेच खटारा मशीन जगासाठी नवा कोरा माणूस. उलट दोन रिस्टार्टच्या मधे दहा पोरं एका खुर्चीवर बसून गेली तर ती सगळी मिळून एक. आकडा वर पण चुकतो, खाली पण चुकतो, आणि ह्याची वजाबाकी करून बरोबर उत्तर येईल असं समजू नका.

कॅफेची गंमत नुसती आपल्याकडची नाही. स्टीम म्हणून गेमचं दुकान आहे, व्हॉल्व्ह कंपनीचं, ते दर महिन्याला गेमर लोकांच्या मशीनचा सर्व्हे काढतात. २०१७ च्या शेवटी त्यात एकदम चिनी भाषा आणि विंडोज ७ इतकं वर गेलं की लोक चक्रावले, अर्धं जग चीनमध्ये जाऊन बसलं की काय. २०१८ मध्ये कंपनीनंच सांगितलं की तिकडच्या सायबर कॅफेत एकाच मशीनवर वेगवेगळे गिऱ्हाईक लॉगिन करत होते आणि सर्व्हे त्यांना जास्त वेळा मोजत होता. विंडोज ७ कुठं वाढलंच नव्हतं.

बरं, मोजणारा ब्राउझरला ओळखतो कसा? ब्राउझर स्वतःच सांगतो, युजर एजंट म्हणून एक ओळ पाठवतो. आणि ती ओळ म्हणजे लग्नाच्या दारात 'तुम्ही कोणाकडचे?' विचारल्यावर सगळेच 'नवरदेवाकडचे' म्हणतेत तसला प्रकार. नेटस्केप हा जुना ब्राउझर, तो ओळीत स्वतःला मोझिला म्हणायचा; त्याच्या काळात साइट्स चांगलं पान फक्त मोझिला म्हणणाऱ्याला द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनं पण स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. आज क्रोमची ओळ काढून बघा, त्यात मोझिला आहे, सफारी आहे, 'लाइक गेको' आहे, आणि मधे कुठंतरी क्रोम. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर तर सरळ क्रोमचीच ओळ पाठवतो. विंडोज ११ त्या ओळीत अजून १० च सांगतं. आयपॅड २०१९ पासून कॉम्प्युटरचं मोठं पान मिळावं म्हणून स्वतःला मॅक म्हणतो. ऑपेरा ब्राउझरचं तर ऐकाच, दहावी आवृत्ती आली तेव्हा बऱ्याच साइट्स फक्त पहिला आकडा वाचायच्या आणि १० ला १ समजायच्या, म्हणून बिचाऱ्यांनी ओळीत ९.८० लिहून खरा नंबर शेवटी टाकला.

आता माझं आपटणं. २०१३ साली एका क्लासवाल्यांची साइट केली, निकाल दाखवायचा होता. मी जागतिक आकडे बघितले, ते पण डेस्कटॉपचे, मोबाईल सोडून, क्रोम पुढं, म्हणलं झालं, क्रोमवर चाललं की बास. निकालाच्या दिवशी पालक बसलेत गावाकडं, हातात बटनाचा नोकिया, त्यात ऑपेरा मिनी. ऑपेरा मिनी पान फोनवर उघडतच नाही, कंपनीचा सर्व्हर उघडतो आणि दाबून बारीक केलेलं फोनला पाठवतो. माझी सगळी स्क्रिप्ट, म्हणजे बटन दाबल्यावर चालणारा कोड, तिथं लटकली. नंबर टाका, बटन दाबा, काही नाही. क्लासवाल्यांचा फोन रात्री अकरापर्यंत वाजत होता आणि ते प्रत्येकाला माझा नंबर देत होते! तेव्हापासून कोणाचंही काम घेतलं की आधी त्यांच्याच सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कोण कशावरून आलं त्याची नोंद, मागतो. जगाचा टक्का मला काय करायचाय, माझं गिऱ्हाईक औशाचं आहे.

आणि हो, स्टॅटकाउंटरचे आकडे छापल्यावर पण ४५ दिवस बदलू शकतात, ते स्वतःच सांगतात. आपल्या पैसेवारीसारखं, म्हणजे सरकारी पीक-अंदाजासारखं, आधी नजर, मग सुधारित, मग अंतिम. बातमी मात्र नजर पैसेवारीवरच होऊन जाते.

शेवटी लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, कारण मागच्या बाकावरून मघापासून हात वर आहे. २०२४ मध्ये स्टॅटकाउंटरवर भारतातल्या डेस्कटॉपमध्ये लिनक्स १५ टक्क्यांच्या वर दिसत होतं, जगात तेव्हा साधारण ४. लिनक्सवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. केरळच्या शाळांत लिनक्स आहे हे खरंय, पण एवढं? मला एक शंका आहे, ती शंका म्हणूनच घ्या. अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' असतं ना, ते टिक केलं की फोन अँड्रॉइडचं नाव काढून टाकतो आणि सांगतो, मी लिनक्सचा कॉम्प्युटर. ओळखायला दुसरं काही नसेल तर मोजणारा तेच लिहून घेतो. आणि ते टिक कोण करतं? माझी भाची. परवा भरतीचा फॉर्म भरत होती, साइट मोबाईलवर धड उघडेना, तर हिनं सवयीनं टिक केलं आणि साडेसहा इंचाच्या स्क्रीनवर ते मुंगीएवढं पान दोन बोटांनी ओढत ताणत बसली, फोटो पन्नास केबीचा करायला दुसरं ॲप, सही वेगळी. मी म्हणलं, अगं तुला माहितीय का, तू आत्ता लिनक्स डेस्कटॉपवर आहेस.

ती म्हणाली, मामा, ओटीपी तुझ्या नंबरवर आलाय, आधी तो सांग, वेळ संपतोय.