नखं पाण्यानेच कोरडी होतात
(महिला दिनानिमित्त दादरमध्ये एका त्वचारोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुंबईत जुलैमध्ये मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, आणि त्याच जुलैमध्ये माझ्याकडे बायका येऊन सांगतात, "डॉक्टर, नखं कोरडी पडलीत, टोकाला सोलून निघतात." एवढ्या दमट हवेत नखं कोरडी कशी पडतात, असं तुम्हालाही वाटलं असेल.

नख म्हणजे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे थर, एकावर एक घट्ट दाबून बसलेले. सगळी मिळून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कातडीला तेलाच्या ग्रंथी असतात, नखाला नसतात. त्याच्यातला स्निग्धांश 5 टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे पाणी त्यात चटकन शिरतं आणि तितक्याच चटकन निघून जातं. सिंकपाशी उभ्या राहिलात की नख पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं. हात पुसून पंख्याखाली बसलात की आकसतं. सकाळचा चहा, डबे, दुपारची भांडी, कपडे, रात्रीचा ओटा... दिवसभर हे चाललं की थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि टोकाशी चिरोट्यासारखे पापुद्रे निघायला लागतात. साबण उरलंसुरलं तेलही घेऊन जातो. एसी ऑफिसात बसून दर तासाला सॅनिटायझर चोळणाऱ्या मुलींचं दुखणंही याच घरातलं.

यावर घरोघरी ठरलेलं निदान: कॅल्शियम कमी झालं! नखात कॅल्शियम असतं अगदी नाममात्र. नखाला कडकपणा येतो तो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. नखावरचे पांढरे ठिपकेही बहुतेक वेळा मुळाशी बसलेल्या बारीकसारीक माराचे असतात. कॅल्शियमची गोळी हाडांसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर जरूर घ्या, नखांसाठी नको.

माझी एक पेशंट मासळी विकते. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख उजेडात तिरकं धरलं, तर कडेला तीन पातळ पदर वेगवेगळे दिसत होते, मधल्या पदरात खवला अडकलेला. बर्फाच्या पाण्यात हात घालू नका, असं तिला कुठल्या तोंडाने सांगणार? हातमोजे सुचवले तर हसली. म्हणाली, "मोजे घालून बोंबील धरून दाखवा, डॉक्टर!" मग आम्ही रात्रीवर भर दिला. नखं दोन-चार मिनिटं कोमट पाण्यात बुडवायची, टिपून घ्यायची, आणि ओल असतानाच वर व्हॅसलिनचा जाड थर. नखाच्या बुडाशीही चोळायचं. वरून जुने सुती मोजे, पायातले चालतात. खोबरेलही चालतं, पण व्हॅसलिन जास्त वेळ टिकतं. नखं फारच खडखडीत असतील तर युरिया असलेलं क्रीम लिहून देतो.

घरात काम करणाऱ्यांना मात्र हातमोजे जमतात. रबरी मोजे, आणि आत सुती, कारण नुसत्या रबरात घाम साचतो आणि नख पुन्हा ओलंच राहतं. तुमच्याकडे भांड्यांना बाई येत असतील तर त्यांनाही एक जोडी आणून द्या. चार घरची भांडी करणाऱ्या हातांना नखुरडं होतं ते याच ओलीमुळे.

आता पार्लर. नखाच्या बुडाची कातडीची पातळ कड, क्युटिकल, कापू देऊ नका. तिच्यामुळे पाणी आणि जंतू मुळापर्यंत पोचत नाहीत. अ‍ॅसिटोनचं रिमूव्हर जितकं कमी तितकं बरं. नखं 'मजबूत' करणारी फॉर्माल्डिहाइडची बाटली सुरुवातीला छान वाटते, पुढे त्याच नखाला ठिसूळ करते. कानस एकाच दिशेने फिरवा.

बायोटिनच्या, म्हणजे एका ब-जीवनसत्त्वाच्या, गोळ्यांचं विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. छोट्या अभ्यासांत काहींना फायदा दिसलाय, पुरावा भक्कम नाही. पण घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी सांगा. थायरॉइडचे आकडे त्याने चुकीचे येऊ शकतात, आणि हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा.

घाई करू नका. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला सहा महिने. आज मार्चमध्ये टोकाशी जे दिसतंय ते गणपतीच्या सुमारास मुळाशी तयार झालेलं आहे. आठवड्यात व्हॅसलिन सोडून दिलंत तर कळणार काय?

नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. ठिसूळ नखांबरोबर थकवा, वजनवाढ, केसगळती असेल तर थायरॉइड. एकाच नखावर नवी काळी उभी रेघ उमटून रुंद होत असेल तर लगेच दाखवा. आपल्या वर्णात अशा रेघा अनेकदा निरुपद्रवी असतात, पण ते आरशासमोर ठरवायचं नाही.

प्रश्न नंतर घेतो. ज्यांना हात दाखवायचे आहेत त्यांनी खिडकीपाशी या, तिथे उजेड चांगला आहे. पॉलिश लावून आलेल्यांना मात्र आज काही सांगता येणार नाही.