ऑर्लॉप डेक: जहाजातला अंधारा मजला

इंग्लंडात पोर्ट्समथला एचएमएस व्हिक्टरी ही जुनी लाकडी युद्धनौका आहे, १७६५ साली पाण्यात उतरलेली, ट्रॅफल्गरच्या लढाईत १०४ तोफा घेऊन गेलेली. तोफांचे तीन मजले एकाखाली एक, फोटो सगळे त्यांचेच निघतात. त्यांच्याही खाली उतरलं की वाकून चालावं लागतं, तो ऑर्लॉप डेक. थोडक्यात, जहाजाच्या पोटातल्या मालखान्यावरचा पहिला मजला, आणि जवळपास सगळा पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे खिडकी वगैरे विसराच, दिवसाढवळ्याही कंदील लागायचा.

इथे नांगराचे दोरखंड ठेवायचे. आणि दोरखंड म्हणजे काय, तर मोठ्याचा घेर जवळपास ६० सेंटीमीटर! नांगर वर ओढला की ते चिखलपाण्याने निथळत आत यायचे आणि इथे वेटोळी करून पडायचे, वासाचं तर बोलायलाच नको.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती कडेची बोळ. जहाजाच्या भिंतीला लागून अरुंद वाट मुद्दाम मोकळी सोडलेली असायची, कारण पाण्याच्या रेषेजवळ गोळा लागून भोक पडलं तर सुतार तिथून धावत जाऊन लाकडी गुट्टा ठोकणार. तिथे सामान ठेवलं तर बोट बुडायची वेळ, इतका साधा हिशोब.

लढाईत दवाखानाही इथेच, कारण तोफगोळे सहसा इतक्या खाली पोचत नाहीत. २१ ऑक्टोबर १८०५ ला, त्याच ट्रॅफल्गरच्या लढाईत, ब्रिटिश ताफ्याचा सेनापती नेल्सनला वर क्वार्टरडेकवर, म्हणजे मागच्या बाजूच्या उघड्या डेकवर, गोळी लागली आणि त्याला उचलून इथेच आणलं, सर्जन विल्यम बीटी इतर जखमींवर उपचार करण्यात गुंतला होता, पण मणक्यात गेलेल्या गोळीपुढे त्याचा इलाज नव्हता, दुपारी साडेचारच्या सुमारास नेल्सन गेला.

पोलादी जहाजं आली तरी नाव टिकलं. टायटॅनिकवरही ऑर्लॉप डेक होता, मधे बॉयलर आणि इंजिनं असल्यामुळे सलग नव्हता, फक्त पुढे आणि मागे. पुढच्या भागात टपालाच्या थैल्यांची खोली होती. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनग घासला तेव्हा तिथे लगेच पाणी भरायला लागलं आणि टपालाची माणसं भिजलेल्या थैल्या वरच्या डेकवर ओढत राहिली. पाच जण होते, एकही वाचला नाही.